शुद्ध जाते, परत येते

प्रस्तावना

वय झालेल्या माणसाची शुद्ध हरपणं आपल्या घरांना नवं नाही. पूजेवरून उठताना भोवळ येते, लग्नाच्या मांडवात उकाड्याने घेरी येते, मधुमेहाची गोळी घेऊन जेवायला उशीर झाला की घाम फुटतो आणि बोलणं असंबद्ध होतं. यातल्या बहुतेक प्रसंगांना कारण सापडतं आणि कारण सापडलं की उपायही सापडतो. हे पुस्तक ज्यांच्या बाबतीत कारण सापडत नाही त्यांच्याविषयी आहे. वय सत्तरीच्या आगेमागे, महिन्या-दोन महिन्यांनी एकदा माणूस बोलता बोलता थांबतो, हाकेला ओ देत नाही, कधी काही मिनिटांनी तर कधी काही तासांनी भानावर येतो, आणि दर वेळी सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात.

अशा घरांतून जे ऐकायला मिळतं ते थोड्याफार फरकाने सारखंच असतं. दुपारचं जेवण चालू आहे. आजोबांनी वरणभाताचा घास उचलला, तोंडाशी नेला आणि हात तिथेच राहिला. डोळे उघडे, नजर समोरच्या भिंतीवर. ‘बाबा, अहो बाबा’ म्हणून सून खांदा हलवते. मान जराशी वळते, पण चेहऱ्यावर ओळख उमटत नाही. अंग सैल पडतं. आकडी येत नाही, जीभ चावली जात नाही, तोंड वाकडं होत नाही. रिक्षा मिळून इस्पितळात पोचेपर्यंत अर्धा तास जातो. तिथे साखर, सोडियम, ईसीजी, मेंदूचा सीटी स्कॅन, सगळं होतं. रात्री आजोबा उठून बसतात आणि मुलाला विचारतात, ‘मला इथे का आणलंय?’ दुसऱ्या दिवशी घरी, तिसऱ्या दिवशी हातात पेपरातलं शब्दकोडं. डिस्चार्ज कार्डावर ‘चक्कर’ लिहिलेलं असतं, नाहीतर मेंदूचा रक्तपुरवठा काही क्षण खंडित झाला असावा असा अंदाज असतो. रक्त पातळ ठेवणारी एक गोळी वाढलेली असते. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

(एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. पूर्ण शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, साखर, काहीही घालू नका. कुशीवर वळवा. पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो आणि मूळ दुखणं बाजूला राहतं.)

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढची सगळी प्रकरणं त्याच आधारावर उभी आहेत. इस्पितळात होणाऱ्या तपासण्या त्या तासापुरत्या प्रश्नाचं उत्तर देतात. आत्ता साखर उतरली आहे का, हृदयाचे ठोके चुकताहेत का, मेंदूत रक्तस्राव आहे का. त्या आवश्यकच आहेत. पण अशा प्रसंगांमागे दबा धरून बसलेला एक आजार त्या तासात दिसतच नाही. तो गेल्या पाच-दहा वर्षांत, घरात, बहुतेक वेळा बायकोच्या किंवा नवऱ्याच्या डोळ्यांसमोर हळूहळू उलगडलेला असतो. त्याविषयी कुणी विचारलेलं नसतं, म्हणून कुणी सांगितलेलं नसतं. हा आजार म्हणजे लुई बॉडी डिमेन्शिया. स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार, पण सुरुवात अनेकदा स्मृतीपासून न होणारा.

स्मृतिभ्रंश म्हटलं की मराठी वाचकाच्या मनात अल्झायमरचं चित्र येतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ने ते चित्र फार जिव्हाळ्याने उभं केलं. संस्कृतचा गाढा पंडित स्वतःच्या लेकीला विसरतो आणि एका हत्तीमागे चालत जातो. त्या चित्रपटाने पुष्कळ घरांना आपल्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी दिली. पण अल्झायमरमध्ये उतार संथ असतो. आज जे विसरलं ते उद्या सहसा परत येत नाही. लुई बॉडीच्या रुग्णात चढउतार असतात. सकाळी जो माणूस आपल्या मुलीच्या घरचा पत्ता सांगू शकला नाही, तोच संध्याकाळी नातवाची बीजगणिताची चूक दाखवतो. घरच्यांना वाटतं, सोंग करताहेत. डॉक्टरांना वाटतं, घरचे वाढवून सांगताहेत, कारण तपासणीच्या खोलीत आजोबा नीटनेटके बसलेले असतात आणि पंतप्रधानांचं नाव, वार, तारीख, सगळं बरोबर सांगतात. या गैरसमजात वर्षं जातात.

आजाराची ओळख पटायला वैद्यकालाही वेळ लागला. बर्लिनमध्ये जन्मलेला फ्रिट्झ हाइनरिश लुई हा तरुण डॉक्टर म्युनिकला अलॉइस अल्झायमरच्या प्रयोगशाळेत काम करत होता. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूचे काप पाहताना त्याला पेशींमध्ये गोल, घट्ट कण दिसले. ते त्याने १९१२ साली नोंदवले. १९१९ मध्ये कॉन्स्टांटिन ट्रेट्याकॉफने पॅरिसमध्ये त्यांना लुईचं नाव दिलं. खुद्द लुई ज्यू होता. १९३३ मध्ये त्याला जर्मनी सोडावी लागली आणि उरलेलं आयुष्य अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात गेलं. हे कण मेंदूच्या खोल भागात असतात आणि ते कंपवाताशी निगडित आहेत, अशीच पुढची कित्येक दशकं समजूत होती. १९६१ मध्ये हारुओ ओकाझाकी यांनी ते मेंदूच्या बाहेरच्या थरात, स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांत दाखवले. १९७६ पासून जपानी मनोविकारतज्ज्ञ केंजी कोसाका एकामागून एक रुग्ण मांडत गेले आणि हा वेगळा आजार आहे असं सांगत राहिले. १९९५ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात जगभरचे तज्ज्ञ जमले आणि पुढच्या वर्षी इयन मॅकीथ यांच्या पुढाकाराने निदानाचे पहिले निकष छापून आले. १९९७ मध्ये त्या कणांचा मुख्य घटक अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन आहे हे कळलं. निकषांची चौथी आवृत्ती २०१७ ची, आणि आज आपण तीच वापरतो. म्हणजे आज पन्नाशी-साठीत असलेल्या बऱ्याच डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकात हा आजार नावापुरताही नव्हता. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण आता निकष हाताशी आहेत आणि त्यातले बहुतेक निव्वळ विचारून कळतात.

२०१७ च्या निकषांत चार मुख्य लक्षणं आहेत: लक्ष आणि जागरूकता यांतले ठळक चढउतार, पुन्हा पुन्हा होणारे स्पष्ट दृष्टिभ्रम, झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय चालवणं, आणि हालचालींत कंपवातासारखा मंदपणा, ताठरपणा किंवा थरथर. स्मृतिभ्रंशासोबत यातली दोन असली की लुई बॉडी ‘संभवनीय’ धरतात. या पुस्तकाच्या विषयाशी थेट जुळणारी ओळ मात्र त्याखालच्या पूरक लक्षणांच्या यादीत आहे. बेशुद्धी किंवा काही काळ प्रतिसाद थांबण्याचे प्रसंग, वारंवार पडणं, उभं राहिल्यावर रक्तदाब घसरणं, बद्धकोष्ठता, लघवीवरचा ताबा जाणं, वास न येणं, दिवसा अति झोप. यादीत ही लक्षणं दुय्यम असली, तरी रुग्ण इस्पितळाच्या दारात येतो तो त्यांच्यामुळे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधन-निकषांत तर आजाराच्या पूर्वावस्थेच्या तीन वाटा मानल्या आहेत: सौम्य बौद्धिक घट, मानसिक लक्षणं आणि वारंवार येणारा भ्रम-संभ्रम, ज्याला इस्पितळात सगळे डेलिरियम म्हणतात. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आजी आठवडाभर ‘वेड्यासारखं’ करत होत्या, पुढे मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गातही तसंच झालं, आणि तिसऱ्या वेळी तर काही कारणच सापडलं नाही, अशी हकीकत कानावर आली की तिसऱ्या वाटेचा विचार करायला हवा.

चढउतारांविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ‘कधी बरे असतात, कधी नसतात’ हे तर प्रत्येक म्हाताऱ्या माणसाविषयी सांगता येतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अभ्यासकांनी २००४ मध्ये हा ढोबळ प्रश्न नेमका केला. त्यांनी घरच्यांना चार गोष्टी विचारल्या. रात्री पुरेशी झोप होऊनही दिवसभर गुंगी आणि मरगळ असते का? संध्याकाळी सातच्या आत, दिवसा, दोन तास किंवा अधिक झोपतात का? बराच वेळ एकटक शून्यात बघत बसतात का? कधी कधी बोलण्याचा ओघ तुटून शब्दांची संगती लागत नाही असं होतं का? यांपैकी तीन किंवा चारही गोष्टी लुई बॉडीच्या ६३ टक्के रुग्णांत होत्या, अल्झायमरच्या फक्त १२ टक्के रुग्णांत, आणि निरोगी वृद्धांत जवळजवळ कुणातच नाही. हे चार प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात. तालुक्याच्या ठिकाणी, कसलंही यंत्र नसताना, ते विचारता येतात. जेवताना घास हातात धरून थांबलेले आजोबा हे त्या तिसऱ्या प्रश्नाचंच टोकाचं रूप असू शकतं.

असू शकतं, एवढंच. कारण उलट चूकही तितकीच महाग पडते. शुद्धीचे चढउतार दिसले की लगेच स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारू नये. मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखाली हळूहळू साचणारं रक्त, तेही तीन आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरल्याचं कुणाला आठवत नसताना, हुबेहूब असंच दिसतं. आकडी न येता नुसती नजर लागणारी अपस्माराची एक जात उतारवयात नव्याने सुरू होते आणि साध्या गोळीने आटोक्यात येते. रक्तदाबासाठी दिलेल्या लघवीच्या गोळीने सोडियम उतरतं. मधुमेहाच्या काही जुन्या गोळ्यांनी साखर पहाटे उतरते आणि सकाळी नाश्त्यानंतर तपासली की नॉर्मल दिसते. हृदयाचा ठोका मध्येच काही सेकंद थांबत असेल तर दहा सेकंदांच्या ईसीजीत तो पकडला जाईलच असं नाही, चोवीस तासांचा किंवा त्याहून लांब आलेख लागतो. थायरॉइड, बी-१२, झोपेत श्वास अडकणं, तुंबलेली लघवी, आठवडाभर न झालेलं पोट, आणि रात्री झोपेसाठी कुणीतरी कधीतरी सुरू केलेली आणि मग कुणीच बंद न केलेली अल्प्राझोलाम. हे सगळं आधी पाहायचं. पुस्तकाचं सगळ्यात लांब प्रकरण यावरच आहे आणि ते तसं असणं मला योग्य वाटतं.

घरातल्या औषधांची पिशवी हा तर स्वतंत्र विषय आहे. सर्दीसाठी दुकानातून आणलेली क्लोरफेनिरामिन, पोटाच्या मुरड्यासाठी डायसायक्लोमिन, झोप आणि पाठदुखीसाठी अमिट्रिप्टिलिन, हाताच्या कंपासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल, लघवी आवरत नाही म्हणून ऑक्सिब्युटिनिन. ही वेगवेगळ्या आजारांची औषधं आहेत, पण मेंदूत ॲसिटिलकोलीन या रसायनाचं काम अडवणं हा सगळ्यांचा समान गुण. लुई बॉडीच्या मेंदूत ॲसिटिलकोलीनची तूट अल्झायमरहूनही जास्त असते. तिथे यातली एखादी गोळीही माणसाला दिवसभर गुंगीत ठेवायला पुरते. म्हणून पहिल्या भेटीला फाइल विसरली तरी चालेल, पण घरातली सगळी औषधं, काढे आणि चूर्णांसकट, पिशवीत भरून न्या.

रक्तदाबाचंही तसंच. आपल्याकडे तो खुर्चीत बसवून मोजतात, आकडा लिहितात आणि पुढचा रुग्ण बोलावतात. हा आजार मात्र उभं राहिल्यावर बोलतो. पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा, उभं करून एक मिनिटाने आणि पुन्हा तीन मिनिटांनी मोजायचा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला तर ती घसरण खरी मानतात. रक्तदाब घसरूनही नाडी वाढली नाही, तर बिघाड स्वायत्त मज्जासंस्थेत असण्याची शक्यता बळावते. भरपेट जेवणानंतर रक्त आतड्यांकडे वळतं आणि दाब आणखी उतरतो. जेवणाच्या ताटावर किंवा जेवून उठताना येणाऱ्या प्रसंगांचा एक धागा इथे सापडतो. पुरःस्थ ग्रंथीसाठी दिलेली टॅम्सुलोसिन त्यात भर घालते. काही जणांत एवढं मोजून, गोळ्या बदलून, थोडं थोडं चार वेळा खायला सांगून, प्रसंग निम्म्यावर येतात. आजार जात नाही, पण घरातली भीती कमी होते.

झोपेचा प्रश्न मी नेहमी जोडीदाराला विचारतो. रुग्णाला विचारून उपयोग नाही, त्याला आठवत नसतं. ‘रात्री झोपेत ओरडतात का, हात उगारतात का, लाथा मारतात का?’ समोरच्या काकू आधी नवऱ्याकडे बघतात, मग जरा संकोचून सांगतात, ‘अहो, बारा वर्षं झाली, मी वेगळ्या खोलीत झोपते. एकदा माझा गळाच धरला होता. कुणीतरी चोर आलाय असं स्वप्न पडलं म्हणे.’ निरोगी माणसाच्या स्नायूंना स्वप्नावस्थेत मेंदूने पूर्ण सैल केलेलं असतं. हा ताबा सुटला की माणूस स्वप्न जगू लागतो. मिनेसोटातल्या कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी १९८६ मध्ये हा विकार नोंदवला. २०१९ मध्ये अनेक देशांतल्या केंद्रांनी मिळून असे बाराशेहून अधिक रुग्ण तपासले, तेव्हा बारा वर्षांच्या अखेरीस ७३.५ टक्के जणांत कंपवात, लुई बॉडी डिमेन्शिया किंवा त्याच कुळातला दुसरा आजार प्रकट होईल असा हिशोब निघाला. म्हणजे बारा वर्षांपूर्वी वेगळ्या खोलीत गेलेली ती बाई हा आजार कुणाही तज्ज्ञाच्या आधी पाहत होती. तिला विचारायला कुणी नव्हतं.

दृष्टिभ्रमांबद्दलही असंच मौन असतं, त्याची कारणं मात्र वेगळी. लोकांना वाटतं, हे सांगितलं तर वेडं ठरवतील. किंवा घरात आधीच एक अर्थ लावून झालेला असतो: पितर दिसतात, जाण्याची वेळ जवळ आली. त्या अर्थाला मी कधी हसत नाही. मी फक्त पुढचा प्रश्न विचारतो, काय दिसतं? लुई बॉडीत जे दिसतं ते धूसर नसतं. लहान मुलं दिसतात, मांजर, कुत्रा, दारात उभे असलेले अनोळखी पाहुणे. ती माणसं बहुधा बोलत नाहीत. रुग्ण अनेकदा घाबरलेलाही नसतो. एक आजी रोज दुपारी झोपाळ्यावर बसलेल्या दोन मुलींसाठी वाटीत लाडू काढून ठेवत. ‘खात नाहीत, पण ठेवायला हवं ना,’ असं त्या मला समजावून सांगत होत्या. मोतीबिंदूने नजर अधू झालेल्यांनाही आकृत्या दिसतात, त्यामुळे डोळे तपासून घ्यायचेच. पण झोपाळ्यावरच्या मुली, दिवसाची गुंगी आणि झोपेतलं ओरडणं ही तिन्ही एकाच घरात नांदत असतील तर उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही.

आता ज्या प्रकरणासाठी हे पुस्तक लिहावंसं वाटलं त्याकडे येतो. अशाच एखाद्या प्रसंगात रुग्ण इस्पितळात दाखल होतो. जागा अनोळखी, दिवे रात्रभर चालू, हाताला सलाइन, शेजारी मशीनची टिकटिक. रात्री अकरा वाजता तो उठतो, सलाइन उपटतो, ‘माझ्या घरात चोर शिरलेत’ म्हणून ओरडतो. रात्रपाळीचा डॉक्टर तरुण असतो, वॉर्डात तीस रुग्ण असतात. शांत करण्यासाठी हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं जातं. इतर बहुतेक रुग्णांत त्याने झोप लागते आणि सकाळ होते. लुई बॉडीच्या रुग्णात सकाळी लाकडासारखं ताठ झालेलं शरीर सापडतं. गिळता येत नाही, बोलता येत नाही, कधी ताप चढतो, मूत्रपिंडं बिघडतात. न्यूकॅसलच्या मॅकीथ आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्येच हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. अशी औषधं मिळालेल्या लुई बॉडीच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत गंभीर परिणाम दिसले आणि त्यांच्यात मृत्यूचा धोका दोन ते तीन पटींनी वाढला. उलटी थांबवण्यासाठी सर्रास टोचलं जाणारं मेटोक्लोप्रमाइडही मेंदूतल्या त्याच डोपामिनवर घाला घालतं. चालत इस्पितळात गेलेला माणूस स्ट्रेचरवरून घरी येतो आणि घरच्यांना सांगितलं जातं, आजार वाढला. माझा संताप या वाक्यावर आहे. आजार वाढलेला नसतो. त्या रात्री निदान माहीत असतं तर ते इंजेक्शन टळलं असतं. यावर उपचार नाही, मग नाव कळून काय फरक पडणार, असं जेव्हा जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा मी हीच रात्र समोर ठेवतो.

म्हणून पुस्तकाच्या शेवटी एक कार्ड छापलं आहे. ते कापून आधार कार्डाच्या मागे ठेवायचं आणि दाखल होताना पहिल्याच डॉक्टरच्या हातात द्यायचं. त्यावर आजाराचं नाव आणि टाळायची औषधं आहेत. अस्वस्थता आवरत नसेल तर काय करायचं तेही आहे: आधी वेदना, तुंबलेली लघवी, संसर्ग पाहायचा, ओळखीचं माणूस रात्री शेजारी बसू द्यायचं, चष्मा आणि श्रवणयंत्र काढून ठेवायचं नाही. अगदीच गरज पडली तर क्वेटियापिन अत्यल्प मात्रेत, तीही लक्ष ठेवून.

बुद्धीच्या चाचण्यांबद्दल थोडंच. या आजारात सुरुवातीला स्मरण टिकून असतं. लक्ष, आखणी आणि दृष्टीने जागा ओळखणं आधी ढासळतं. त्यामुळे तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी विचारले तर ते बरोबर येतात आणि घड्याळाचं चित्र काढताना बारा आकडे एका बाजूला गोळा होतात. पण आयुष्यात हातात पेन्सिल न धरलेल्या शेतकरी आजीला घड्याळ काढायला सांगून काय कळणार? तिला वार उलटे म्हणायला सांगावेत, किंवा फाल्गुनापासून चैत्रापर्यंत महिने उलटे. रोज नऊवारी नेसणाऱ्या बाईला अलीकडे काष्टा जमत नाही, चहात साखर आधी की पत्ती आधी यात ती अडखळते, ओळखीच्या घरात न्हाणीघराचं दार सापडत नाही, ही निरीक्षणं कागदावरच्या गुणांपेक्षा मला जास्त सांगतात. आणि चाचणी एकाच दिवशी घेऊन थांबू नये. चांगल्या दिवशी घेतली तर माणूस पास होतो.

स्कॅनवर फार भिस्त ठेवू नये, पण तो उपयोगी पडतो. एमआरआयमध्ये स्मृतीशी निगडित भाग अल्झायमरच्या मानाने शाबूत दिसतो. डोपामिनची वाहतूक दाखवणारा ट्रोडॅट स्कॅन मोठ्या शहरांत होतो. ईईजीत मागच्या बाजूच्या लहरी मंद आणि अस्थिर दिसतात, आणि तोच ईईजी अपस्माराची शंकाही तपासतो. परवडत नसेल तर या स्कॅनवाचूनही बहुतेक निदान होतं. घरच्यांनी मोबाइलवर काढलेली दोन मिनिटांची चित्रफीत मला कधी कधी महागड्या स्कॅनपेक्षा अधिक कामाची वाटते. प्रसंग किती वाजता आला, आधी काय चाललं होतं, जेवण किती वेळापूर्वी झालं, डोळे उघडे होते का मिटलेले, किती वेळ टिकला, भानावर येताना गोंधळ होता का लगेच ओळख पटली, एवढं वहीत लिहून ठेवलं तरी निम्मं काम होतं.

भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले लुई बॉडीचे किती, ते निदान करणाऱ्याच्या नजरेवर ठरतं. पाश्चात्त्य देशांतही नोंदलेलं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास असतं, शवविच्छेदनात मात्र ते त्याच्या कितीतरी पट निघतं. हॉलिवूडचा रॉबिन विल्यम्स मे २०१४ मध्ये कंपवाताचं निदान घेऊन घरी आला आणि ऑगस्टमध्ये त्याने जीवन संपवलं. मेंदूभर पसरलेले लुई कण शवविच्छेदनात सापडले. जगातली उत्तम वैद्यकीय सेवा हाताशी असलेल्या माणसाची ही कथा आहे.

औषधं आहेत, आणि ती अगदीच निरुपयोगी नाहीत. २००० साली लॅन्सेटमध्ये आलेल्या १२० रुग्णांच्या चाचणीत रिव्हास्टिग्मिनने भ्रम, उदासीनता आणि भास कमी झाले. डोनेपेझिलला जपानने २०१४ मध्ये याच आजारासाठी मान्यता दिली. दोन्ही आपल्याकडे सहज मिळतात. मात्र ही औषधं नाडी मंद करतात आणि त्यामुळे स्वतःच घेरी आणू शकतात, म्हणून सुरू करण्याआधी ईसीजी काढावा. कंपवाताच्या गोळ्या हात-पाय मोकळे करतात, पण भास वाढवतात. इथे तारेवरची कसरत अटळ आहे आणि ती अनुभवी डॉक्टरनेच करावी. स्कूटर चालवणं मात्र पहिल्या प्रसंगानंतरच थांबवा. त्यावर वाद नको.

शेवटचं प्रकरण कागदपत्रांचं आहे. वैद्यकाच्या पुस्तकात ते कशाला, असं विचारणाऱ्यांनी ते आधी वाचावं अशी माझी विनंती आहे. ज्याचं भान येतं-जातं त्याची सही कायद्याने चालते का, हा प्रश्न घरात भांडणं लावतो. भारतीय करार कायदा १८७२ चा, आणि त्याच्या बाराव्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की एरवी मन ठिकाणावर नसलेला माणूस ज्या काळात ठिकाणावर असतो त्या काळात करार करू शकतो. मृत्युपत्रासाठी १९२५ च्या वारसा कायद्याचं एकोणसाठावं कलम तेच म्हणतं. म्हणजे चांगल्या दिवसाला कायद्याने किंमत दिली आहे. मुखत्यारपत्रावर मात्र विसंबू नका. करार कायद्याच्या २०१ व्या कलमानुसार ते देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की ते संपुष्टात येतं, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हा ते हाती राहत नाही. त्याऐवजी निदान झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच, रुग्ण ज्या वेळी सर्वांत तरतरीत असतो ती वेळ हेरून, त्याच दिवशीच्या तारखेचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन, दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र आणि बँकेतली नामांकनं पुरी करावीत. त्या वेळी खोलीत मुलांनी गर्दी करू नये. आजोबांना काय हवं आहे ते त्यांना स्वतःच्या तोंडाने, सावकाश, मध्ये कुणी शब्द न पुरवता सांगू द्यावं.